बी.ए.ला मानसशास्त्र घ्यायचंय? मराठवाड्यातल्या मुलामुलींचे आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मानसशास्त्र शिकवते. बारावीचा निकाल लागला की प्रवेशाच्या टेबलापाशी मुलं येतात, सोबत वडील, मामा, कधी मोठी बहीण असते. प्रश्न बहुतेक तेच असतात, पण मागे रांग असते आणि उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अपुरं राहतं. म्हणून ती उत्तरं इथे सवडीने लिहिली आहेत.

मानसशास्त्र शिकलं की समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं का?

नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट झालेलं बरं, कारण या एका समजुतीपायी विषय घेतलेली मुलं दिवाळीपर्यंत हिरमुसतात.

मानसशास्त्रात वर्तनाचा आणि मानसिक प्रक्रियांचा अभ्यास होतो. वर्तन दिसतं, त्याची नोंद घेता येते, ते मोजता येतं. मनात काय चाललंय ते मात्र त्या नोंदींवरून अनुमानानेच कळतं, आणि अनुमान चुकूही शकतं. ते कमीत कमी चुकावं म्हणून काय करायचं, हेच तीन-चार वर्षं शिकायचं असतं. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला प्रयोगशाळा सुरू केली, तिथून हा विषय तत्त्वज्ञानापासून वेगळा झाला असं मानतात. आपल्याकडे कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता, हेही पहिल्या वर्षी कानावर पडेल. म्हणजे हा विषय आपल्याकडे काल-परवा आलेला नाही.

बारावीला मानसशास्त्र नव्हतं, सायन्स होतं. चालेल का?

चालेल. पहिल्या वर्षी सगळं मुळापासून सुरू होतं. सायन्सकडून आलेल्यांना मेंदू आणि चेतासंस्थेचं प्रकरण सोपं जातं. आर्ट्सची मुलं निबंधवजा उत्तरं चांगली लिहितात. पहिल्या सत्राच्या अखेरीस हा फरक फारसा राहत नाही.

नेमकं काय काय शिकायचं असतं?

पेपरांची नावं विद्यापीठागणिक थोडी बदलतात, गाभा मात्र तोच असतो.

पहिल्या वर्षी सामान्य मानसशास्त्र असतं. त्यात वेदन, संवेदन, अवधान, अध्ययन, स्मृती, प्रेरणा, भावना, बुद्धिमत्ता आणि व्यक्तिमत्त्व येतं. शब्द पुस्तकी वाटतात, पण त्यांतली गोष्ट घरातलीच असते. अभिजात अभिसंधान म्हटलं की पुस्तकात पावलोव्ह यांचा कुत्रा येतो. अन्न देण्याआधी रोज ठरावीक आवाज ऐकवला, तर पुढे नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. मी वर्गात आधी म्हशीबद्दल विचारते. धार काढायची बादली खणखणली की म्हैस पान्हा सोडते, हे गोठा असलेल्या घरातल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. रेडकाने तोंड लावलेलं नाही, सडांना हातही लागलेला नाही, तरी पान्हा फुटतो. मूळचं उद्दीपक कोणतं, नंतर जोडलं गेलेलं कोणतं, हे मुलं फळ्याकडे न बघता सांगतात. मग बादली वाजवून रोज नुसतंच परत फिरलं तर काय होईल, असं विचारलं की विलोपनापर्यंत, म्हणजे जोडलेली सवय हळूहळू विरून जाण्यापर्यंत, तीच पोचतात.

साधक अभिसंधान म्हणजे वर्तनाच्या परिणामावरून होणारं शिकणं. त्यात प्रबलनाच्या वेळापत्रकांचा, म्हणजे बक्षीस केव्हा आणि किती वेळा मिळतं याचा, भाग येतो. बक्षीस दर वेळी मिळण्यापेक्षा कधी मिळेल याचा नेम नसला, तर ते वर्तन जास्त चिवट होतं. गावातला माणूस मटक्याचा आकडा का सोडत नाही आणि पोरं मोबाइलवरच्या पैशांच्या खेळात का अडकतात, याचं एक मोठं कारण इथे सापडतं.

स्मृतीच्या प्रकरणात जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा लेख येतो. तात्पुरत्या स्मृतीत साधारण सात, दोन इकडे किंवा दोन तिकडे, इतकेच घटक मावतात असं त्यांनी मांडलं. पुढच्या संशोधकांनी हा आकडा आणखी खाली आणला. पण घटक म्हणजे काय, ते आपल्यावर असतं. दहा आकडी फोन नंबर आपली आजी 'अठ्ठ्याण्णव, बावीस, एकोणपन्नास...' असा जोड्यांनी सांगते. शंभरपर्यंतच्या प्रत्येक आकड्याला मराठीत स्वतःचा शब्द असल्याने दहा अंकांचे पाच शब्द होतात आणि नंबर डोक्यात मावतो. यालाच गट पाडणं म्हणतात.

दुसऱ्या वर्षी सामाजिक मानसशास्त्र आणि विकासाचं मानसशास्त्र येतं. सामाजिक मानसशास्त्रात अभिवृत्ती, पूर्वग्रह, गटाचा दबाव आणि आज्ञापालन हे विषय असतात. स्टॅनले मिलग्रम यांचे आज्ञापालनाचे प्रयोग १९६१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात सुरू झाले. पलीकडच्या खोलीतला माणूस चुकला की त्याला विजेचा झटका द्या, असं साध्यासुध्या लोकांना सांगितलं गेलं. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. पहिल्या ठळक मांडणीत ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. हा पाठ झाल्यावर वर्गात बराच वेळ कोणी बोलत नाही. मीही घाई करत नाही.

तिसऱ्या वर्षी अपसामान्य मानसशास्त्र (म्हणजे मानसिक विकृतींचा अभ्यास), संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, मानसशास्त्रीय चाचण्या आणि समुपदेशनाची ओळख असते. जोडीला औद्योगिक, आरोग्य किंवा सकारात्मक मानसशास्त्र यांपैकी काही असतं.

मेजर, मायनर, क्रेडिट ही काय भानगड आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता पदवी तीन वर्षांची किंवा ऑनर्ससह चार वर्षांची आहे. मानसशास्त्र मेजर घेतलं तर सर्वांत जास्त पेपर त्याचे, मायनर म्हणजे दुसरा विषय, आणि त्याशिवाय कौशल्याचे, भाषेचे, भारतीय ज्ञान प्रणालीचे पेपर आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३० तास. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्क्यांची अट आहे. चार वर्षं पूर्ण केली तर पुढचं एम.ए. एका वर्षात करता येतं.

प्रवेश घेताना एवढं मात्र विचाराच: तुमच्या कॉलेजात मानसशास्त्र मेजर म्हणून शेवटपर्यंत आहे का? काही ठिकाणी ते फक्त मायनर किंवा खुला ऐच्छिक विषय म्हणूनच असतं. दोन सत्रं झाल्यावर हे कळून रडणारी मुलगी मी पाहिली आहे.

मराठवाड्यात कुठे शिकता येईल?

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांतली कॉलेजं १९५८ साली स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीतली १९९४ साली सुरू झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला. घरापासून एसटीने रोज ये-जा होईल असं कॉलेज आधी बघा. तिथे पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का, आणि प्रयोगशाळा कुलपाबाहेर असते का, हे वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा.

प्रॅक्टिकलला काय करतात? माणसावर प्रयोग म्हणजे भीती वाटते.

भिण्यासारखं काही नसतं. दोघांची जोडी असते. एक प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो. पुढच्या आठवड्यात अदलाबदल होते.

आरशातलं रेखन हा जुना प्रयोग बघा. टेबलावर दुहेरी रेषेची चांदणी छापलेला कागद. समोर उभा आरसा. हात आणि कागद यांच्यावर आडवी फळी, म्हणजे चांदणी थेट दिसत नाही, फक्त आरशात दिसते. दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवत चांदणी पूर्ण करायची. स्टॉपवॉच सुरू झालं की पहिल्या कोपऱ्यावरच पेन्सिल अडते. वर न्यायची तर खाली जाते. मागच्या वर्षी एक मुलगी, एरवी रांगोळीत हात धरणार नाही कोणी अशी, पहिल्या कोपऱ्यावर अख्खं मिनिट थांबली. कपाळावर घाम. ओठ दाताखाली. प्रयोगकर्ती मैत्रीण तिला सांगू बघत होती, 'अगं उलटं ने', आणि तिला मी हातानेच थांबवलं, कारण सूचना ठरलेल्या शब्दांतच द्यायच्या असतात. दहाव्या प्रयत्नाला त्याच मुलीने ती चांदणी सुरुवातीच्या वेळेच्या चौथाई वेळेत पूर्ण केली.

मग आलेख काढायचा. आडव्या अक्षावर प्रयत्न, उभ्यावर सेकंद आणि चुका. रेषा उतरत जाते, मध्ये एखाद्या ठिकाणी सपाट होते, पुन्हा उतरते. उजव्या हाताच्या सरावाआधी आणि नंतर डाव्या हाताची वेळ घेतली, तर सराव न करता डावा हातही बराच सुधारलेला दिसतो. हे द्विपार्श्विक संक्रमण. शेवटी प्रयुक्ताकडून अंतर्निरीक्षण अहवाल घ्यायचा, म्हणजे त्याला त्या वेळी काय वाटलं ते त्याच्याच शब्दांत. तो कधी नंतर घरी बसून मनाने भरू नका. व्हायवाला येणाऱ्या एक्सटर्नलना असा अहवाल लगेच ओळखू येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे जर्नलमध्ये खोटं लिहिण्याची सवय लागते.

दुसरा प्रयोग स्मृतीचा. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक शब्दांच्या याद्या स्वतःच पाठ करून विस्मरण मोजलं आणि ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. तोच धागा आपण अजून वापरतो. एकदा आम्ही बाहेरून आलेली इंग्रजी यादी तशीच वापरली आणि एका मुलाला पहिल्याच फेरीत जवळपास सगळी पाठ झाली. विचारलं तर म्हणाला, 'मॅडम, जी-ए-व्ही म्हणजे गाव, डी-ए-आर म्हणजे दार, एम-यू-एल म्हणजे मूल.' इंग्रजी माणसाला निरर्थक असलेली अक्षरं त्याला त्याचं गाव दाखवत होती. तेव्हापासून आमचे निरर्थक शब्द आम्हीच देवनागरीत बनवतो आणि चार गावच्या मुलांकडून तपासून घेतो, कारण सेलूत निरर्थक असलेला शब्द उदगिरात कुणाच्या तरी तोंडी असतो.

गणित कच्चं आहे. संख्याशास्त्राचं काय होईल?

बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ, एवढ्यावर पदवीचं बरंच संख्याशास्त्र उभं आहे. कॅल्क्युलेटर चालतो. मध्यमान, मध्यांक, बहुलक, प्रमाण विचलन, सहसंबंध, हे क्रमाने येतं.

आरशाच्या प्रयोगात पाच मुलांच्या चुका ४, ६, ६, ९ आणि २५ आल्या असं समजा. बेरीज ५०, मध्यमान १०. पण पाचांपैकी चौघांच्या चुका १० च्या आत आहेत. मध्यांक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा, ६ आहे, आणि तोच इथे खरं चित्र सांगतो. हे कळायला शेतकऱ्याच्या मुलांना वेळ लागत नाही. तालुक्यात सरासरीइतका पाऊस झाला म्हणून कागदावर लिहिलं जातं, आणि तो सगळा दोन रात्रींत पडून सोयाबीन गेलेलं असतं. सरासरीसोबत विचलन, म्हणजे आकडे किती विखुरलेत ते, का विचारायचं, ते त्यांना घरूनच माहीत असतं.

मराठीतून शिकलं तर मागे पडू का?

पदवीला मराठीतून लिहा, लाजू नका. मात्र प्रत्येक संज्ञेचा इंग्रजी शब्द वहीत शेजारी लिहून ठेवा. एम.ए., प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट, सेट या पात्रता परीक्षा आणि संशोधनाचे लेख यांना इंग्रजी वाचन लागतंच. दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला दोन पानं इंग्रजीतून वाचली तरी जमतं.

आणि मराठी ही इथे नुसती सोय नाही, अभ्यासाचा भाग आहे. आपल्याकडे 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत कोणी येत नाही. 'जीव लागत नाही', 'करमत नाही', 'अन्न गोड लागेना', 'डोकं भणभणतंय', 'छातीत धस्स होतं', 'जिवाला घोर लागलाय' असं म्हणतात. यातली प्रत्येक तक्रार वेगळी आहे. ती कधीपासून आहे, रोज आहे का, झोपेचं काय, असं विचारत लक्षणांपर्यंत जाणं हे ज्याला ही भाषा येते त्यालाच जमतं.

चाचण्यांमध्ये हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो. भाषांतर केलेल्या एका व्यक्तिमत्त्व चाचणीत 'पार्टीत अनोळखी लोकांशी बोलायला आवडतं का?' असं विधान होतं. तांड्यावरून येणाऱ्या एका मुलाने विचारलं, 'कुठली पार्टी मॅडम, निवडणुकीची?' तो अंतर्मुख आहे की बहिर्मुख, हे त्या विधानाने कळणार नव्हतं. चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतली तरी निकाल तोच येणं), वैधता (जे मोजायचं तेच मोजणं) आणि मानके (गुण कोणत्या गटाशी ताडायचे) या तिन्ही गोष्टी त्या दिवशी वर्गाला त्या एका प्रश्नातून शिकवता आल्या.

अपसामान्य मानसशास्त्र वाचताना सगळे आजार मलाच आहेत असं वाटतं.

असं पुष्कळांना होतं. मेडिकलच्या मुलांनाही होतं. चिंता, उदासी, पुन्हा पुन्हा कुलूप तपासणं, हे थोडंथोडं प्रत्येकात असतं. विकृती म्हणायला लक्षणं किती, किती काळ, आणि त्यामुळे रोजचं जगणं किती अडतंय, हे बघावं लागतं. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी आणि अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांची डीएसएम या आजारांच्या वर्गीकरण पद्धती आहेत. आयसीडीची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली आहे. पण वर्गात शिकलेल्या लक्षणांवरून स्वतःचं, चुलत्याचं, शेजारच्या वहिनींचं निदान करू नका. खरोखर त्रास असेल तर वाट बघू नका. तुमच्या शिक्षकांशी बोला, किंवा टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर केव्हाही फोन करा. तिथे मराठीतून बोलता येतं.

प्रकल्पाला विषय कोणता घ्यावा?

जो तुमच्या गावच्या रस्त्यावर आहे तो. दसऱ्यानंतर आईवडील ऊसतोडीला गेले की आजीजवळ राहणारी बीडकडची मुलं. लातूरला क्लाससाठी खोली करून राहणाऱ्या मुलांची झोप. नापिकीच्या वर्षी घरातल्या बाईवर येणारा भार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. आघातोत्तर ताण विकृती हे प्रकरण शिकवताना मी त्या भागातल्या मुलांना घरी कोणी झोपेतून दचकून उठायचं का, असं विचारत नाही. कुणाला आपणहून सांगायचं असेल तर ऐकते. तुम्हीही माहिती गोळा करताना हेच पाळा. आधी संमती, तीही समजेल अशा भाषेत. नाव कुठे लिहायचं नाही. 'नको' म्हटलं की वही मिटायची. लहान मुलांच्या बाबतीत पालकांनाही विचारायचं. आणि ज्याची जखम तुम्हाला बांधता येत नाही, त्याची जखम प्रकल्पासाठी उघडू नका.

बी.ए. झाल्यावर समुपदेशनाचा बोर्ड लावता येईल का?

लावू नका. पदवी ही ओळख आहे, उपचाराचा परवाना नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं पुढचं शिक्षण आणि परिषदेकडे नोंदणी लागते. परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. शाळेत किंवा संस्थेत समुपदेशक व्हायचं तर एम.ए. आणि देखरेखीखालचा सराव हवा. मनोविकारतज्ज्ञ ही वेगळीच वाट आहे. ते एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर असतात, आणि औषधं तेच देतात.

दूरस्थ पद्धतीने करू का, असंही विचारतात. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देणं बंद केलं आहे. कोणी एजंट अजूनही पावती फाडत असेल तर पैसे देऊ नका.

मग नोकरी?

खरं सांगते, नुसत्या बी.ए.वर या विषयाची थेट नोकरी कमी आहे. एम.ए. करून सेट-नेट, समाजकार्याची पदवी, बी.एड., कंपन्यांचा मनुष्यबळ विभाग, संस्थांचं क्षेत्रकाम, अशा वाटा निघतात. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला मानसशास्त्र वैकल्पिक विषय आहे. गरज मात्र डोळ्यांसमोर आहे. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. आमच्या भागातला पेशंट घेऊन घरचे रात्रीच्या गाडीने पुण्याच्या येरवड्याला निघतात.

घरचे म्हणतात, 'वेड्यांचा डॉक्टर होऊन काय करणार? मुलीचं लग्न कसं जमायचं?'

त्यांच्याशी भांडू नका. त्यांना एखाद्या तासाला घेऊन या. माझ्या वर्गात एक आजोबा मागच्या बाकावर बसून अवधानाचा तास ऐकून गेलेले आहेत. घरात कुणाला 'बाहेरचं झालंय' म्हणून देवऋष्याकडे नेत असतील, तर तिथेही अपमान करून काही साधत नाही. 'देवाला जाऊ, आणि डॉक्टरलाही दाखवू' असं म्हटलं की पुष्कळ घरं डॉक्टरपर्यंत येतात. मारहाण, चटके, कोंडून ठेवणं असेल तर मात्र थांबवा. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारी माणसाला उपचाराचा आणि सन्मानाने जगण्याचा हक्क दिला आहे. ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो तीव्र ताणात होता असं हा कायदा धरून चालतो, म्हणजे त्याला गुन्हेगार म्हणून वागवायचं नाही. हे गावात अजून पुष्कळांना माहीत नाही. तुम्ही सांगा.

कॉलेज सुरू व्हायला महिना आहे. तोवर काय वाचू?

वाचू नका. शंभर पानी वही घ्या आणि एसटी स्टँडवर अर्धा तास बसा. एक माणूस निवडा आणि तो काय करतो तेवढंच लिहा. 'ती बाई चिडली होती' असं लिहायचं नाही. तिने पिशवी बाकड्यावर आपटली, दोनदा रस्त्याकडे पाहिलं, पदराने मान पुसली, लेकराचा हात सोडून पुन्हा धरला, असं लिहायचं. पानाच्या उजव्या बाजूला समास सोडा. चिडली होती, दमली होती की घाबरली होती, हे तिथे पेन्सिलीने लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह काढा. अशी दहा पानं झाली की वही पहिल्या तासाला घेऊन या, आपण तिथूनच सुरू करू.